अर्धवट ठेवलेला नमुना

डिचोली तालुक्यातल्या आर्किटेक्चरच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: ‘सहभागी आणि प्रयोगशील डिझाइन’ हे शब्द कॉलेजातल्या व्याख्यानांत आणि डिसेंबरात पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात सारखे कानावर पडतात, पण रोजच्या जगण्याशी त्यांचा संबंध काय? सगळे लोकांनाच विचारून करायचे तर डिझायनरचे काम काय उरते? आणि गावातल्या पिंपळाच्या पाराभोवती बसायची जागा नव्याने करायची आहे, तर सुरुवात कुठून करावी?

मी फोंडा तालुक्यात राहते. बाजारातले ओटे, शाळेतली बाके, दवाखान्यातल्या बसायच्या जागा, घरातल्या लहानसहान वस्तू, असली कामे गेली चोवीस वर्षे करते आहे. उत्तर लांबेल. विषय जिवाचा आहे म्हणून लांबेल.

आधी शब्द सोपे करून घेऊ. सहभागी म्हणजे ज्याला ती वस्तू वापरायची, धुवायची, दुरुस्त करायची आहे, त्याचा हात ती ठरत असतानाच तिला लागतो. प्रयोगशील म्हणजे ठरवण्याआधी करून बघायचे. खऱ्या मापात, खऱ्या जागी, आणि चुकले तर मोडता येईल अशा सामानात. माझा अनुभव असा की दुसऱ्याशिवाय पहिले होतच नाही. नुसते विचारले तर लोकांना सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. समोर अर्धवट वस्तू हवी, हाताने हलवता येईल अशी. मग माणूस बोलायला लागतो. पुरी झालेली वस्तू दाखवली की तो ‘छान आहे’ म्हणतो आणि घरी जातो.

हे मला एका मासळी बाजाराने शिकवले. एका तालुक्याच्या गावी बाजाराचे नूतनीकरण चालू होते आणि ओट्यांचे काम माझ्याकडे आले. मी तयारी करून गेले होते. मापे घेतली, फोटो काढले, मासळी विकणाऱ्या बायकांची बैठकही घेतली. बैठक सभागृहात, सकाळी साडेअकराला, पडद्यावर चित्रे दाखवून. ज्या आल्या त्या पाटीवर फडके टाकून, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून आल्या होत्या. चित्रे बघून त्या ‘बरें दिसता’ म्हणाल्या आणि घाईने परत गेल्या. मी ते संमती म्हणून लिहून घेतले. ओटे झाले: कमरेइतके उंच, वर ग्रॅनाइट, पुढे उतार, खाली पन्हळ. उभ्याने विकता येईल, कंबर धरणार नाही, हा माझा हिशेब.

आठवड्याने गेले. निम्म्या बायका ओट्यावर चढून बसल्या होत्या आणि मासळी मांडायची जागा त्यांच्या मांडीखाली गेली होती. उरलेल्या खाली जमिनीवर, माझ्या ओट्याला पाठ टेकून.

कारण होते आदोळी, म्हणजे विळी. मासे कापायची आदोळी पाटावर ठोकलेली असते. एक गुडघा वर घेऊन पायाने पाट दाबून धरायचा, दोन्ही हात मोकळे ठेवायचे आणि मासा पात्याकडे न्यायचा. उभ्याने ती चालत नाही. सुरी देता आली असती, पण दिवसाला शंभर बांगडे साफ करणाऱ्या हाताला वीस-तीस वर्षांची सवय सोड म्हणून सांगणारी मी कोण? माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तीच आदोळी आहे. तरी ओट्याचे चित्र काढताना ती आठवली नाही. मी कागदावर काम करत होते आणि कागदावर कोणी इसवण कापत नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या बाजारात तसेच काम मिळाले. या वेळी मी चित्र काढलेच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा बाजार अगदी ओस पडत नाही, नदीतली आणि खाजनातली, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतली, मासळी येते, सुकी मासळी असते. पण गर्दी कमी असते. आम्ही तेवढे दोन महिने मागून घेतले. बाजाराच्या एका कोपऱ्यात चाळीसेक चिरे आणून टाकले, प्लायवूडचे चार तुकडे, बर्फाचे थर्माकोलचे रिकामे खोके, काथ्याची दोरी. बायकांना सांगितले, दुपारी बाजार उठला की अर्धा तास द्या, त्या वेळेचे पैसे मिळतील. पहिल्या दिवशी तिघी आल्या. आठवड्याने अकरा जणी येऊ लागल्या.

आम्ही बसायची उंची चिऱ्यांनी ठरवली. चिरा आडवा ठेवला की सात-आठ इंच मिळतात. दोन चिऱ्यांवर फळी टाकून सगळ्यांत वयस्क बाईंना बसवले आणि मी गिऱ्हाईक होऊन समोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, ‘बाये, हांगा बसल्यार गिरायकाचें तोंड दिसना, पोट तेवडें दिसता. तोंड दिसलें ना जाल्यार भाव कसो करूं?’

एवढे एक वाक्य ऐकायला मला आधी एक सगळा बाजार चुकीचा करावा लागला होता. भाव हा तोंडाकडे बघून होतो. गिऱ्हाईक रेंगाळते आहे की निघाले, पापलेटाकडे बघते आहे की खिशाकडे, हे त्या डोळ्यांत वाचतात. तिसरा चिरा चढवला. आता तोंड दिसले, पण वर चढताना गुडघा कुरकुरला. मग मागच्या बाजूने एक चिरा पायरी म्हणून सरकवला. तरुण बायकांना आणखी अर्धा चिरा उंच हवा होता. मी दोन्हींच्या मधली उंची काढायला निघाले, तेव्हा त्यांच्यातलीच एक म्हणाली की मधले माप कोणालाच होणार नाही, त्यापेक्षा दोन रांगा करा. तसेच केले. सरासरी काढायची ओढ डिझायनरला नेहमी असते, ती सोयीची वाटते. लोक सरासरीत बसत नाहीत.

मग पाणी. बर्फ वितळतो, शिवाय मासळी तजेलदार दिसावी म्हणून त्या दर थोड्या वेळाने डब्याने पाणी शिंपडतात. ते कुठे जाते हे कोणालाच नीट सांगता येईना. बादलीभर पाण्यात हळद कालवली आणि त्यांना रोजच्यासारखे शिंपडायला सांगितले. पिवळा ओघळ फळीच्या पुढच्या काठावरून थेट माझ्या पायांवर आला, आणि दुसरा मागे वळून आदोळीच्या पाटाखाली जमला. वर्षानुवर्षे त्या ओल्या पाटावर बसत आल्या होत्या आणि ‘नुस्तें म्हटल्यार उदक आसतलेंच’, मासळी म्हटली की पाणी असणारच, असे धरून चालल्या होत्या. त्या दिवशी एकीने बाजूला पडलेले जुने नळीचे कौल उचलले, उलटे करून काठाला लावले आणि परत पाणी ओतले. ओघळ कौलात पडला आणि कडेने खाली गेला. पुढे ओट्याच्या काठाला सिमेंटची जी गोल पन्हळ केली, तिचा बाक त्या कौलाचाच आहे. मी फक्त तिला ढाळ किती द्यायचा ते काढले आणि तळाची जाळी ठरवली.

आणि त्या जाळीपाशीच मी पुन्हा चुकले. पन्हळीच्या तोंडावरची लोखंडी जाळी मजबूत हवी म्हणून जड केली. चार महिन्यांनी कळले की जाळी उचलून खवले आणि आतडी काढणारा सफाई कामगार ती एकट्याने उचलू शकत नाही; म्हणून तो ती उचलतच नव्हता आणि पाणी तुंबत होते. दोन महिने आम्ही बायकांशी रोज बोललो, गिऱ्हाइकांशी बोललो. बाजार उठल्यावर तासाभराने येणाऱ्या माणसाला कोणी बोलावले नव्हते. तो कामाला यायचा तेव्हा आम्ही चिरे आवरून गेलेलो असायचो. जाळीचे दोन भाग केले आणि एका बाजूला बोट घालायला खाच ठेवली, तीही त्याने दाखवल्यावर. आता कुठल्याही कामात मी पहिला प्रश्न विचारते तो वापरणाऱ्यांबद्दल नसतो. हे रात्री कोण धुणार, असे विचारते.

‘डिझायनरचे काय उरते’ याचे उत्तर या गोष्टीतच आहे. काय करून बघायचे हे कोणीतरी ठरवावे लागते. हळदीचे पाणी सुचावे लागते. कोपऱ्याची जागा तिघींना हवी असते, तिथे भांडण होते; त्या भांडणात पळून न जाता बसावे लागते. तीन चिऱ्यांची उंची पक्क्या बांधकामात आणताना भार, गंज, खाऱ्या पाण्याचा सिमेंटवरचा परिणाम, निविदेतली कलमे हे सगळे सांभाळावे लागते. लोकांनी सांगितले तेच आणि तेवढेच करणे हे डिझाइन नव्हे. मी काही गोष्टींना नाही म्हणाले. ओट्याखाली बंद कपाट हवे होते. आत ओल राहून वास धरेल असे सांगून ते उघडे ठेवले, आणि ते का, हे एक खोका आठ दिवस बंद ठेवून सगळ्यांसमोर उघडून दाखवले. ‘नाही’ हेसुद्धा प्रयोगाने म्हणता येते.

ही पद्धत काही माझी नव्हे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत क्रिस्टन निगार्ड यांनी लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यांत संगणक येत होते, आणि ते कसे यावेत यात कामगाराचे म्हणणे असावे, हा मुद्दा होता. निगार्ड म्हणजे सिम्युला या संगणकीय भाषेच्या दोन जनकांपैकी एक. कामगारांच्या बैठकीला बसणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. पुढे १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन-डेन्मार्कमध्ये ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प झाला. वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत जुळणी आणि मांडणी करणाऱ्या कामगारांसाठी नवी साधने काढायची होती. हवे ते यंत्र तेव्हा हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा खोका ठेवला आणि त्यावर ‘लेझर प्रिंटर’ असे लिहिले. कामगार ते यंत्र खरेच आहे असे धरून काम करून बघायचे, आणि त्यातून अडचणी बाहेर यायच्या. पुठ्ठ्याचा खोका कोणालाही सरकवता येतो. खऱ्या यंत्राला हात लावायला माणूस बिचकतो. आमचे चिरे आणि त्यांचा खोका यांत मला तरी फरक दिसत नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर रस्त्याकडेचा हातपंप बघा. विदर्भ-मराठवाड्यात नातेवाईक असतील त्यांनी तो हापसलेला असेल. बिडाचे जुने पंप गावच्या सततच्या वापराने मोडत. आधी जालन्याला, मग सोलापूरला लोखंडी पंपाचे नवे नमुने झाले, आणि सोलापूरच्या नमुन्यावरूनच पुढे १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ आला. दुरुस्त्या गावातल्या विहिरीवर लावून, वापरून, मोडून ठरल्या. तरी एक अडचण उरली: आतला दट्ट्या बदलायचा तर सगळा पाइप उपसून काढायचा, आणि त्याला बाहेरून गाडी आणि माणसे यायला हवीत. म्हणून ‘मार्क थ्री’मध्ये पाइप रुंद केला, म्हणजे पाइप जागच्या जागी ठेवून दट्ट्या वर ओढून काढता येतो. दुरुस्ती कोण करणार, या एका प्रश्नाने पाइपाचा व्यास बदलला. बाजारातल्या जाळीचेही तेच होते, पण मला ते उशिरा कळले.

डिझाइनच्या अभ्यासक्रमात चार्ल्स आणि रे इम्स यांचा १९५८चा ‘इंडिया रिपोर्ट’ शिकवतात. त्याच्या आधारावर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्यात त्यांनी आपल्या लोट्याचे मनापासून कौतुक केले आहे. तो कोणा एकाने घडवला नाही, पिढ्यानपिढ्या अनेकांनी घडवला, असे ते म्हणतात. हे खरे आहे, पण मला त्यात एक भर घालावीशी वाटते. पिढ्यानपिढ्यांचे घडणे आपोआप होत नाही. त्यालाही जागा लागते, रीत लागते, आणि कोण बोलू शकतो याचे नियम असतात. गोव्यात त्या जागा अजून डोळ्यांसमोर आहेत, म्हणून इथे बसून हे काम करणे मला भाग्याचे वाटते.

माटोळी घ्या. आमच्या घरी गणपतीवर टांगायची लाकडी चौकट आजोबांच्या वेळची आहे. चौकट बदलत नाही. तिच्यावर काय चढणार हे मात्र त्या वर्षीचा पाऊस, कोण रानात गेले आणि कोणाला काय सापडले यावर ठरते. नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, तोरंजन, चिबूड, आंबाडे हे ठरलेले. पण कवंडळ, घागऱ्या, कांगल्या, शेरवड यांचे दर वर्षी वेगळे. केवणीच्या सालीच्या दोरांनी बांधायचे. आधी जड वस्तू समोरासमोर, नाहीतर चौकट एका बाजूला कलते. काका खाली उभे राहून ‘आणखी थोडे वर, आता डावीकडे’ सांगतात, पोरे स्टुलावर. गेल्या चवथीला भावाच्या मुलीने पेंडीच्या शेजारी घागऱ्यांचा झुबका लावला. वाऱ्याने हलला की वाळलेल्या बिया खुळखुळायच्या. काकांनी काढायला हात वर केला, ऐकले, आणि राहू दिला. ज्याला कॉलेजात ठराविक सांगाडा आणि मोकळा मजकूर असे काही म्हणतात, ते हेच. चौकट मोकळी असते म्हणून दहा वर्षांच्या मुलीला त्यात जागा मिळते. फुलवाल्याकडून तयार माटोळी आणली तर पूजा होते, पण हे होत नाही.

खाजन शेती हे याहून मोठे आणि याहून अवघड उदाहरण. खाऱ्या नदीच्या काठची जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली. बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर जाते, भरतीला नदीचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. कोणी दोरी ओढायला लागत नाही. हे एका माणसाच्या डोक्यातून आलेले नाही. चिखल, पेंढा, चिरे यांचा बांध किती रुंद, झडप केवढी, भात कुठले तगते, हे फुटत, बुजवत, परत फुटत ठरले असणार. गावाची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या जुन्या गावकरी पद्धतीत बांधाची जबाबदारी वाटलेली होती. मानशीवर जाळे लावायचा हक्क लिलावात जायचा. १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेक्सियाने या गावकरीच्या रिती ‘फोराल’ नावाच्या सनदेत लिहून काढल्या, म्हणजे त्या त्याच्याही आधीच्या.

पण हे सांगताना आपण फार लवकर गहिवरतो. गावकार कोण होते? मूळ घराण्यांतले पुरुष. डोक्यावरून चिखलाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांना, कुळांना, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना त्या सभेत आवाज नव्हता. काम सगळ्यांचे, निर्णय मोजक्यांचा. १९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची त्यातली दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, ते न्यायाचेच होते. बांध राखायचे काम मात्र कुळांच्या संघटनांकडे आले, आणि पुष्कळ ठिकाणी ते सुटत गेले. आज अनेक गावांत खारे पाणी आत आहे आणि भाताच्या जागी कांदळवन उभे राहिले आहे. मला यातून दोन प्रश्न सतत टोचतात. एकत्र मिळून केले म्हणताना ‘एकत्र’मध्ये कोण नव्हते? आणि मालकी बदलली तेव्हा राखणीची रीत नव्याने बसवायला कोणी बसले का? सहभागी डिझाइन म्हणवणाऱ्या कुठल्याही कामाला हे दोन्ही प्रश्न लावून बघावेत, माझ्या कामालाही.

आता घरात या, कारण प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे.

माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची. रोज सकाळी अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला तीन पायऱ्या उतरते. एकदा घसरता घसरता वाचली, म्हणून कठडा करायचे ठरले. सुताराने उजव्या बाजूला स्टीलचा पाइप सुचवला आणि तो दुसऱ्याच दिवशी लावायला तयार होता. मी पंधरा दिवस मागितले. दोन्ही बाजूंना बांबू रोवले, आडवा बांबू सुंभाने बांधला, म्हणजे वर-खाली सरकवता येईल असा. आईला काही विचारले नाही. रोज ती उतरून गेल्यावर, हात जिथे पडला तिथे खडूची खूण केली.

उजव्या बाजूला एकही खूण पडली नाही. उजव्या हातात तांब्या असतो. सगळ्या खुणा डावीकडे, आणि मी धरलेल्या उंचीपेक्षा चार बोटे खाली, कारण उतरताना ती वाकते. शेवटच्या पायरीवर तर तिचा हात आडवा बांबू सोडून पुढच्या उभ्या खांबाला जायचा; बांबू पायरीबरोबरच संपत होता आणि तिला जमिनीवर पाय टेकल्यानंतरही एक पाऊलभर आधार हवा होता. मधे दोन दिवस पाऊस पडला, बांबू निसरडा झाला. तिसऱ्या दिवशी बघते तर तिने स्वतःच सुंभाचे उरलेले टोक धरायच्या जागी गुंडाळले होते. कठडा आता लाकडी आहे, डावीकडे, एक फूट पुढे आलेला, आणि धरायच्या जागी काथ्या. सुतार आता दुसऱ्या घरी जातो तेव्हा आधी दोरीने बांधून बघतो, हे मला फार मोलाचे वाटते.

ही बांबूची रीत पंचायतीच्या कामांनाही लागू आहे. दुकानासमोरचा उतार, शाळेतल्या नळाची उंची, बसच्या थांब्यावरचा बाक, फेरीबोटीच्या धक्क्यावर वाट बघायची सावली: हे सगळे आधी आठ-पंधरा दिवस कच्चे करून बघता येते, आणि खर्च पक्क्या कामाच्या मानाने किरकोळ असतो. अडचण पैशांची नसते. आपल्याकडे कच्चे ठेवणे हे अपूर्ण कामाचे लक्षण मानतात, आणि उद्‌घाटनाची तारीख आधी ठरते.

काही गोष्टी मी आता हट्टाने पाळते. लोकांचा वेळ घेतला तर पैसे द्यायचे. मासळीवालीचा अर्धा तास फुकट नसतो. बैठक त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेला. पंचायतीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या की पुढे बसलेले चार पुरुष बोलतात आणि मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या बायका ऐकतात. तेच बोलणे विहिरीपाशी किंवा दुकानाच्या सोप्यावर वेगळे होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: प्रयोग आपला असला तरी धंदा त्यांचा असतो. ज्याचे पोट त्या ओट्यावर आहे त्याच्यावर न मोडता येणारा प्रयोग करायचा नाही. प्रत्येक नमुना संध्याकाळपर्यंत उचलून जागा पहिल्यासारखी करता आली पाहिजे. श्रेय द्यायचे म्हणजे फलकावर एका ओळीत ‘स्थानिकांच्या सहकार्याने’ लिहायचे, असे होऊ नये. कौल कोणी लावले, खाच कोणी दाखवली, हे मी अहवालात त्यांना विचारून, नावानिशी लिहिते.

महोत्सवांबद्दल विचारले आहे. त्यांना जागा आहे, आणि मी आनंदाने बघायला जाते. उपयोगाचे ओझे नसलेला प्रयोग डोळे मोकळे करतो. एखादा तरुण काथ्या, माती, शिंपले घेऊन काहीतरी विचित्र बांधतो, त्यातले एक जोड पुढे कोणाच्या तरी कठड्यात येऊ शकते. फक्त तिथे प्रेक्षक ओळीने पुढे सरकतो. वस्तूशी राहत नाही. राहणे हे या कामाचे अर्धे अंग आहे, आणि ते दहा दिवसांत होत नाही. तो उत्साह वाड्यावर बघायचा असेल तर नरक चतुर्दशीच्या आधीचे पंधरा दिवस नरकासुराचा पुतळा बांधणाऱ्या पोरांमध्ये जाऊन बसा. कोणी वेल्डिंग जाणतो, कोणी मोटर, कोणी मुखवटा, आणि हात हलत नाही म्हणून रात्री दोन वाजता सगळे मिळून तो खांदा उघडतात. पहाटे सगळे जळून जाणार हे माहीत असल्यामुळेच त्यांचे धाडस होते.

आता तुझा पार.

आधी चित्र काढू नकोस. पंधरा दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन बस. सकाळी तिथे म्हातारे बसतात, दुपारी बसची वाट बघणारे, संध्याकाळी पोरे; हे तुला माहीत असेल. मला वाटते तू बायका बघाव्यास. बऱ्याच गावांत त्या पारावर बसत नाहीत, समोर दुकानाच्या भिंतीशी किंवा रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहतात, पिशवी पायाशी ठेवून. पार कितीही सुंदर केलास तरी त्या त्यावर येणार नाहीत, कारण अडचण बाकाची नसून बसलेल्यांच्या नजरेची आहे. त्यांची जागा कदाचित पाराच्या मागे, सावलीत, रस्त्याकडे तोंड करून, पाठीशी भिंत असलेली असेल. आणखी कोण येते तेही बघ: झाडणारी बाई, पिंपळाला सूत गुंडाळणाऱ्या सुवासिनी, सावलीत गाडी लावणारा पोस्टमन. बुंध्याभोवती सिमेंट ओतायचा प्रस्ताव येईलच, त्याला ठाम नाही म्हण. मुळांना हवा आणि पाणी लागते, आणि पिंपळ सिमेंट फोडतोच.

मग जवळच्या बांधकामावरून वीस चिरे माग, परत देण्याच्या बोलीवर. ते पाराभोवती आणि त्या बायका उभ्या राहतात तिथे जोडीजोडीने ठेव, सिमेंट न लावता. प्रत्येकाभोवती जमिनीवर खडूने रेघ काढ, कोणाला काही सांगू नकोस, आणि निघून जा. चार दिवसांनी परत ये. काही चिरे रेघेत असतील. काही कोणीतरी ओढून सावलीत नेले असतील, एखाद्यावर दुसरा चढवलेला असेल, एखादा कोणाच्या घरी गेला असेल. रेघेबाहेर गेलेल्या चिऱ्यापासून माप घ्यायला लाग, आणि तो कोणी हलवला ते शोधून त्याच्या शेजारी बस.